बिल्ल्याचा धनी कोण?

जालना शहरांत मस्तगड म्हणून जी गढी आहे, तिच्यावर एक फार्सी शिलालेख आहे. निजामउल्मुल्क असफजहा याच्या आज्ञेनें काबिलखान यानें सन १७२५ मध्यें ती उभारली, असें गॅझेटिअरकार सांगतात. हुकूम देणाराचें नांव राहिलें, हुकूम बजावणाऱ्या सरदाराचें नांव राहिलें, बांधणीचें सालहि दगडावर राहिलें. मात्र ज्यांनीं ते दगड वाहिले आणि पुढें पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं त्या तटावर रात्रीचे पहारे केले, त्यांपैकीं एकाचेंहि नांव मस्तगडास ठाऊक नाहीं.

हा अठराव्या शतकाचा रिवाज होता असें म्हणून एखादा हा विषय सोडून देईल. विसाव्या शतकास मात्र ती सबब उरली नाहीं. कारण शिपायाचें नांव त्याच्या गळ्यांतच बांधून ठेवण्याची युक्ति त्या शतकाच्या आरंभीं इंग्रजी लष्करांत आली. ओळखीचा बिल्ला ती ही युक्ति. आणि तिचा उपयोग आम्हीं आमच्या मेलेल्या माणसांसाठीं किती केला, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. उत्तर लाजिरवाणें आहे, म्हणूनच तें स्पष्ट दिलें पाहिजे.

प्रथम हा बिल्ला म्हणजे काय तें पाहूं. इंग्रजी लष्करांत सन १९०७ मध्यें ॲल्युमिनियमचा एक बिल्ला आला. त्यावर शिपायाचा क्रमांक, नांव, पलटण व धर्म हीं ठोकलेलीं असत. पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर धातूच्या जागीं दाबलेल्या तंतूंचा तांबडा बिल्ला आला. पण बिल्ला एकच असल्यामुळें एक विलक्षण घोटाळा होई. मृत्यूची वर्दी देण्यासाठीं तो काढून घेतला कीं शव बेवारशी. शवाबरोबर ठेवला कीं वर्दी अपुरी. अखेर सन १९१६ च्या सप्टेंबरांत दोन बिल्ल्यांचा हुकूम निघाला. तांबडा वाटोळा बिल्ला काढून न्यावयाचा, आणि हिरवा अष्टकोनी बिल्ला शवाच्या गळ्यांत राहूं द्यावयाचा, म्हणजे पुढें केव्हांहि माती उकरली गेली तरी माणसाची ओळख पटावी.

आतां तारखा जुळवून पाहा. हिंदी पायदळ फ्रान्सच्या चिखलांत लढलें तें सन १९१४ व १९१५ या दोन वर्षांत. मेसोपोटेमियांत कुत येथें १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी १४७ दिवस वेढ्यांत अडकून पडल्या, घोड्यांच्या मांसावर दिवस काढूं लागल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सगळी फौज तुर्कांच्या हातीं गेली. म्हणजे शवाजवळ नांव ठेवण्याचा हुकूम निघाला, तेव्हां आमच्या शेंकडों माणसांच्या बाबतींत तो निघून न निघून सारखाच झाला होता. सन १९१६ नंतरहि दैव फारसें पालटलें नाहीं. कारण तंतूचा बिल्ला ओल्या मातींत कुजतो आणि आगींत जळतो.

याचा परिणाम काय होतो तें फ्रान्समधील रिशबूर या गांवीं दिसलें. सन १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं तेथें खोदकामांत दोन हिंदी शिपायांचे अवशेष वर आले. खांद्यावरील ‘३९’ या आकड्यावरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे, एवढें समजलें. सन १९१७ च्या स्मृतिवर्षांत, म्हणजे २०१७ च्या नोव्हेंबरांत, लव्हांती येथील युद्धस्मशानभूमींत त्यांना सन्मानानें मूठमाती मिळाली. पलटण कळली, देश कळला, परंतु नांवें कळलीं नाहींत. गढवालांतील कोणत्या दोन घरांनीं आपल्या माणसाची वाट पाहिली, हें आतां कोणीहि सांगूं शकणार नाहीं.

कोणी म्हणेल, लढाई आहे, असें व्हावयाचेंच. ठीक आहे, मातीनें जें खाल्लें त्याचा जाब मातीस विचारतां येत नाहीं. परंतु माणसांनीं ज्यांचीं नांवें हेतुपुरःसर गाळलीं, त्याचा जाब विचारावयास काय हरकत आहे? सन १९१७ मध्यें साम्राज्य युद्धस्मारक मंडळ स्थापन झालें. त्याचें ब्रीद असें, कीं हुद्दा, वर्ण व धर्म यांचा भेद न करितां प्रत्येक मृताचें स्मरण नांवानें करावयाचें. तत्त्व उत्तम, आचरण पाहा. बसरा येथील स्मारकावर इंग्रज शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं, हिंदी अधिकाऱ्यांचींहि गेलीं, आणि साध्या हिंदी शिपायांच्या वांट्यास पलटणीच्या नांवाखालीं केवळ आंकडा आला. इतके मेले, बस्स! याच मंडळानें सन २०२१ मध्यें आपल्या गतकालाचा तपास करविला, तेव्हां कबूल करावें लागलें कीं हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन मिळून ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें, आणि किमान १,१६,००० जणांचें, कदाचित् ३,५०,००० जणांचें, नांवानें स्मरण झालेंच नाहीं. ही कबुली शंभर वर्षें उशिरां आली. तरी ती त्यांनीं दिली. आम्हीं अजून आपली कबुली द्यावयाची आहे.

कारण तोच आंकडा आमच्या गांवोगांवीं लागलेला आहे. सातारा, रत्नागिरी या बाजूंच्या गांवांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत एक लहानसा दगड बसविलेला आढळतो. ‘या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले, पैकीं इतक्यांनीं प्राण दिले’, असा त्यावरील मजकूर. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवाचे ४६ जण पहिल्या महायुद्धांत पडले, हें सर्वांस माहीत आहे. संख्या अभिमानानें सांगितली जाते. पण हे असले दगड बसविले त्यास आतां शंभर वर्षें झालीं. राज्य पालटूनहि पाऊणशें वर्षें लोटलीं. या अवधींत किती गांवांनीं त्या आंकड्याखालीं नांवांची यादी लावली? परक्या सरकारनें मोजदाद केली आणि आम्हीं तीच मोजदाद हार घालून पुजली, असा याचा अर्थ होतो.

नांवाची किंमत काय असते, हें महाराष्ट्रास बाहेरून शिकावयाचें कारण नाहीं. कोरेगांव भीमा येथें १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ आहे. कंपनी सरकारनें त्यावर आपल्या बाजूनें पडलेल्या हिंदी शिपायांचीं नांवें कोरविलीं. त्या ४९ नांवांपैकीं २२ नांवांच्या अखेरीस ‘नाक’ हा प्रत्यय आहे, आणि त्यावरून तीं महार शिपायांचीं म्हणून ओळखूं येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं तेथें गेले. आज त्या दिवशीं तेथें लक्षावधि लोक जमतात. त्या लढाईच्या अर्थाविषयीं कोणाचें कांहींहि मत असो. पण तीं बावीस नांवें तेथें नसतीं आणि केवळ ‘इतके शिपाई पडले’ एवढेंच कोरलें असतें, तर त्या दगडापाशीं आपलें म्हणून कोण गेलें असतें? ज्यांस समाजानें गांवकुसाबाहेर ठेवलें, त्यांस आपल्या पूर्वजांचा पुरावा एका प्रत्ययानें दिला. नांव म्हणजे काय, तें हें.

या विषयांत आक्षेप घेणारे तीन प्रकारचे लोक भेटतात. पहिले म्हणतात, ‘हे शिपाई इंग्रजांचे चाकर. पगारासाठीं परक्याच्या लढाया लढले. त्यांचे बिल्ले शोधण्याशीं स्वतंत्र हिंदुस्थानास काय कर्तव्य?’ हा आक्षेप तेजस्वी दिसतो, पण तो पोकळ आहे. सन १९१८ मध्यें स्वतः महात्मा गांधी खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं पायीं फिरले होते. जी गोष्ट राष्ट्राच्या पुढाऱ्यास त्या वेळीं त्याज्य वाटली नाहीं, ती कोंकणांतील कर्जबाजारी कुळाच्या पोरास त्याज्य वाटावयास हवी होती, असें आज पंख्याखालीं बसून म्हणणें सोपें आहे. महारांची सैन्यभरती सरकारनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. गरज पडतांच सन १९१७ मध्यें त्यांची १११ वी पलटण उभारली, आणि गरज सरतांच १९२१ मध्यें ती मोडून टाकली. या व्यवहारांत दोष कोणाचा? वापरून टाकणाऱ्याचा कीं वापरल्या गेलेल्याचा? साम्राज्याचा हिशेब अवश्य मागा. पण साम्राज्यानें ज्यास नांवाऐवजीं आंकडा दिला, त्यास आपणहि आंकडाच ठेवणें, ही साम्राज्याशीं लढाई नव्हे. ती त्याची री ओढणें होय.

दुसरे म्हणतात, ‘गोष्ट जुनी झाली. बायका गेल्या, मुलें गेलीं. आतां बिल्ला कोणाच्या हातीं द्यावयाचा?’ यास उत्तर इटलीनें दिलें आहे. फ्लॉरेन्सच्या बाजूस पोज्जो आल्तो येथें सन १९९६ मध्यें कांहीं हाडें सांपडलीं. पुढें शास्त्रीय तपासणी झाली, जुनीं दफ्तरें पाहिलीं गेलीं, आणि तीं १३ सप्टेंबर १९४४ रोजीं पडलेल्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या दोन तरुण शिपायांचीं ठरलीं. सन २०१९ मध्यें त्यांच्या रक्षेची माती हरियाणांतील त्यांच्या गांवीं आली, आणि तिला घेण्यास सगळा गांव लोटला. पंच्याहत्तर वर्षें झालीं होतीं. पुतणे होते, नातू होते, आणि घरांत ती गोष्ट जिवंत होती. आमच्या समाजांत तर श्राद्धपक्ष आहे. तीन पिढ्यांचीं नांवें घेतल्यावांचून पिंड पडत नाहीं. ज्या घरांतून एक माणूस गेला आणि परत आला नाहीं, त्या घरांत त्याची तिथि कोणती धरावी हा प्रश्न पडलेला असतो. सर्वपित्री अमावास्येवर तो ढकलला जातो. त्या घरास एक तारीख आणि एका गांवाचें नांव मिळणें ही क्षुल्लक गोष्ट आहे, असें ज्यास वाटत असेल त्यानें आपल्या आजीस विचारून पाहावें.

आणि ही गोष्ट केवळ साध्या शिपायांचीच आहे असें नाहीं. नाईक यशवंत घाडगे हे कुलाब्यांतील, आतांच्या रायगड जिल्ह्यांतील, माणगांव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत एकट्यानें शत्रूच्या मशीनगनवर चालून जाऊन त्यांनीं ठाणें घेतलें व तेथेंच प्राण ठेविला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; माणगांवास त्यांचा पुतळा आहे. परंतु त्यांची विश्रांतीची जागा अज्ञात आहे. त्यांचें नांव कासिनो येथील स्मारकावर, ज्यांची जागा ठाऊक नाहीं अशांच्या यादींत आहे. सर्वोच्च शौर्यपदकाच्या धन्याची ही अवस्था, तर ज्याला कसलेंच पदक नाहीं त्याची कल्पना वाचकांनींच करावी.

तिसरे म्हणतात, ‘हें काम खर्चाचें आहे, श्रीमंत देशांचें आहे.’ अमेरिकेनें आपल्या दुसऱ्या महायुद्धांतील बेपत्ता वैमानिकांसाठीं अरुणाचलाच्या अरण्यांत शोधपथकें पाठविलीं, हें खरें; त्यास पैसा लागतो हेंहि खरें. पण पंजाबचें उदाहरण घ्या. लढाईनंतर तेथील सरकारनें गांववार शिपायांच्या नोंदवह्या केल्या होत्या; त्या लाहोरच्या संग्रहालयांत धूळ खात पडल्या होत्या. सुमारे ३,२०,००० शिपायांच्या त्या नोंदी. विलायतेंत स्थायिक झालेल्या पंजाब्यांनीं एका विद्यापीठाची मदत घेऊन त्या सर्वांस पाहतां येतील अशा करण्यास सन २०२१ मध्यें आरंभ केला. त्यांत सैन्य लागलें नाहीं, विमानें लागलीं नाहींत. अक्षर वाचणारीं माणसें लागलीं.

माझें म्हणणें नेमकें येथें आहे. बिल्ल्याचा धनी शोधणें हें शेवटीं अक्षर वाचण्याचें काम आहे, आणि आमच्या शिपायांचें अक्षर आमच्यावांचून कोणास वाचतां येणार नाहीं. इंग्रज कारकुनानें कानास ऐकूं आलें तसें नांव लिहिलें. एकाच आडनांवाच्या चार तऱ्हा झाल्या. मृताच्या नोंदींत बापाचें नांव, गांव, तालुका, जिल्हा पुष्कळदां असतो. पण त्या अपभ्रष्ट ‘वडगांवा’चें खरें वडगांव कोणतें, हें लंडनमध्यें बसून कसें ठरणार? शिपायाचा क्रमांक त्या काळीं पलटणीपलटणींत निराळा असे. त्यामुळें नुसत्या क्रमांकावरून माणूस सांपडत नाहीं. त्यांत आमच्या हद्दी सारख्या बदलत आलेल्या. जालन्याचेंच पाहा. सन १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्रांत. जिल्हा औरंगाबाद होता, तो १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र जालना झाला. आणि त्या औरंगाबादेचेंहि नांव आतां छत्रपति संभाजीनगर झालें आहे. एका घराचे हे चार पत्ते. महसुलाचें जुनें दफ्तर उर्दूंत, घरचीं कागदपत्रें मोडींत. हीं तिन्ही लिप्या जाणणारीं माणसें आमच्यांतच अजून थोडींबहुत शिल्लक आहेत. पंचवीस वर्षांनीं तीं नसतील, आणि मग हें काम पैसा ओतूनहि होणार नाहीं.

मराठवाड्यास या विषयाशीं संबंध नाहीं, असा एक समज आहे. तोहि चुकीचा आहे. हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी जालन्याच्या छावणींत राहत. त्यांच्यापासूनच पुढें १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, जिला १९४५ पासून कुमाऊं रेजिमेंट म्हणतात. नांव बदललें, भरतीचा मुलूख बदलला, आणि दख्खनच्या शिपायांचा वारसा विचारणारें कोणी उरलें नाहीं. सन १९१८ च्या पॅलेस्टाईनच्या मोहिमेंत हैदराबादचे भालेदार स्वार होते. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकीं एक मूर्ति त्यांची आहे. त्याच मोहिमेंत २३ सप्टेंबर १९१८ रोजीं जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांनीं हैफा घेतलें. आणि २३ सप्टेंबर ही तारीख जालना जिल्ह्यास निराळ्या कारणानें ओळखीची असावयास हवी: सन १८०३ मध्यें याच दिवशीं असईच्या रणांगणावर शिंद्यांची कवायती फौज वेलस्लीशीं लढली. तिच्यांतील पडलेल्यांची संख्यासुद्धां अंदाजानेंच सांगतात. नांवांची गोष्ट दूर.

आतां आपल्या घराकडे वळूं. कारण सगळा दोष सरकारचा नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असे. दुसऱ्या महायुद्धाचीं मोहिमेचीं पदकें खुद्द इंग्रज शिपायांस बिननांवाचीं मिळालीं. हिंदी शिपायांचीं मात्र नांव घालून आलीं. म्हणजे ज्या सरकारनें बसऱ्याच्या दगडावर नांव नाकारलें, त्याच्या टांकसाळीनें तें धातूच्या कडेवर दिलें. तें आम्हीं काय केलें? पहिल्या युद्धाचें पदक चांदीचें. भाव चढला कीं तें सराफाच्या मुशींत गेलें. जें चांदीचें नव्हतें तें मोडींत गेलें. ‘जालना सोनेका पालना’ ही म्हण जुनी. आतां जालना पोलादाचा पाळणा झाला आहे, आणि देशोदेशींचें भंगार तेथील भट्ट्यांत वितळतें. भट्टीस नांव वाचतां येत नाहीं. पण भंगार निवडणाऱ्या माणसास, पदक तोलणाऱ्या सराफास, आणि माळ्यावरील ट्रंक रिकामी करणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास तें वाचतां येतें, आणि तरीहि तें वाचलें जात नाहीं.

शौकीन संग्राहकांविषयींहि एक शब्द. रणभूमीवरून बिल्ला उपटून आणणें ही भूषणाची गोष्ट नव्हे. तो बिल्ला ज्या हाडांजवळ होता, त्यांची ओळख त्याच क्षणीं कायमची पुसली जाते. विकत घेतलेला बिल्ला काचेच्या पेटींत मांडणारास माझा एकच प्रश्न आहे: त्यावरचें नांव आपण कोणास कळविलें काय? कळविलें असेल तर आपण राखणदार. नसेल तर चोरीचा माल घेणारापेक्षां आपली पायरी फार उंच नाहीं.

मग करावें काय? मोठ्या योजनांची मला आवड नाहीं. तीनच गोष्टी सांगतों. युद्धस्मारक मंडळाच्या नोंदी आतां कोणासहि पाहतां येतात. त्यांतील महाराष्ट्राच्या गांवांचीं नांवें तालुक्यातालुक्यानें देवनागरींत उतरून काढावीं. हें काम एका तालुक्याचें सार्वजनिक वाचनालय व एक शाळा मिळून वर्षभरांत करूं शकेल. दुसरें, ज्या गांवीं आंकड्याचा दगड आहे तेथें त्याखालीं नांवांचा दगड बसवावा. खर्च एका दिवसाच्या सत्काराहून कमी येईल. मुंबईस मशीद बंदराजवळ खलाशांच्या गृहांत पहिल्या महायुद्धांत समुद्रांत बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचीं नांवें आहेत. कोंकणच्या शाळांनीं तीं एकदां वाचून, आपल्या बंदरांचीं म्हणून जीं सांपडतील तीं आपल्या भिंतीवर लिहावीं. तिसरें, कोणाच्याहि घरीं, दुकानीं वा शेतांत नांवाचें पदक किंवा बिल्ला आढळल्यास तो विकण्यापूर्वीं व वितळविण्यापूर्वीं त्याचीं अक्षरें उतरून घ्यावीं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास कळवावीं. कार्यालयानें त्याची नोंदवही ठेवावी. न ठेवील तर वाचनालयानें ठेवावी. घाई मात्र करूं नये: बिल्ले हरवत, बदलत, मित्राच्या गळ्यांत जात, एका बिल्ल्यावरून कोणाच्या दारीं जाऊन ‘हा तुमचाच माणूस’ असें सांगणें क्रूरपणाचें होईल. नांव, पलटण, बाप आणि गांव हीं चारहि जुळलीं म्हणजेच दार ठोठवावें.

मस्तगडाच्या पहारेकऱ्यांचीं नांवें आतां मिळणार नाहींत. तीं कोणीं लिहूनच ठेवलीं नव्हतीं. कुतच्या आणि कासिनोच्या शिपायांचीं नांवें लिहिलेलीं आहेत, तीं तुमच्याआमच्या माळ्यावर, सराफाच्या पेटींत आणि दूरच्या दफ्तरांत पडून आहेत. हा लेख वाचून होतांच वाचकांनीं घरची जुनी ट्रंक एकदां उघडून पाहावी, आणि पदक हातीं आलें तर त्याची कड उजेडाकडे धरावी.